एक फाइल कॉपी झाली

कॉम्प्युटरवर रागावण्याइतकं आपल्याला त्यातलं कळतं का, हे मला कित्येक वर्षं ठरवता आलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझे वडील, आबा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी हमाल, आई चौथीपर्यंत शिकलेली. अशा घरातली मुलगी कॉलेजच्या थंडगार लॅबमध्ये, चपला दाराबाहेर काढून मशीनसमोर बसते, तेव्हा काही बिघडलं की तिच्या मनात आधी येतं, आपलंच चुकलं. मलाही तसंच वाटायचं. ते आठवलं की आज संताप होतो.

नव्वदीच्या दशकाची ती पहिली वर्षं. आमच्या लॅबमध्ये माउस नव्हता, पडद्यावर चित्रं नव्हती. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. काय करता येईल, आपण कुठे आहोत, यातलं ती रेघ काहीच सांगत नसे. सगळे हुकूम घरून पाठ करून यायचे. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पडद्यावर उमटायचं, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. म्हणजे हुकूम चुकला की फाइलचं नाव, तेही त्याला सांगता येत नसे. कुठलं अक्षर चुकलं ते तर लांबच राहिलं. ते ‘बॅड’ दिसलं की मी आधी मागे वळून पाहायचे, कुणी वाचलं तर नाही ना.

आणि नाव द्यायचं ते आठ अक्षरांत. नववं अक्षर त्या सिस्टिमला चालत नसे. सरांचा नियम होता की प्रोजेक्टच्या फाइलला आपलं आडनाव द्यायचं, म्हणजे त्यांना शोधायला सोपं. आता कोपरखैरण्यात आम्ही राहायचो तिथे निम्मी बिऱ्हाडं साताऱ्याकडच्या दोन-तीन गावांतली. एका गावची माणसं एकामागोमाग मार्केटला आली, तशी आडनावंही गठ्ठ्यानं आली. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आमच्याच आडनावाची होती. नात्यातली नव्हे, पण त्याच गावची. इंग्रजीत आमचं आडनावच आठ अक्षरांचं. पुढे स्वतःच्या नावाचं एक अक्षर जोडावं म्हटलं तरी जागा नव्हती. तोवर अडचण आली नव्हती, कारण दोघींच्या फ्लॉपी वेगळ्या होत्या.

मैत्रिणीची आई रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. मैत्रिणीनं प्रोजेक्ट केला तो तिथल्या बायकांवर. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभी राहून तिनं चाळीस बायकांना प्रश्न विचारले होते. किती तास उभ्या असता, पाय दुखले तर काय करता, मुलं कुणाकडे ठेवता. त्यांची उत्तरं तिनं त्यांच्याच शब्दांत लिहून आणली आणि लॅबमध्ये इंग्रजी करून टाइप केली. शेवटच्या आठवड्यात तिच्या फ्लॉपीला बुरशी धरली. खाडीच्या हवेत तेव्हा फ्लॉपीला बुरशी लागायचीच. सर म्हणाले, मशीनवरच ठेव, उद्या प्रिंट काढू. फ्लॉपीतून कशीबशी निघालेली फाइल तिनं मशीनवर ठेवली. तिची तेवढी एकच प्रत उरली.

दुसऱ्या दिवशी मी माझी फ्लॉपी घालून माझा प्रोजेक्ट प्रिंटसाठी त्याच मशीनवर कॉपी केला. हुकूम पाठ होता, बिनचूक टाइप केला. पडद्यावर आलं, ‘वन फाइल कॉपीड’. मला बरंच वाटलं. त्या दिवशी बॅड म्हणालं नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, “अगं, माझी उघड ना. प्रिंटच्या आधी एकदा नजर मारते.”

मी उघडली. पहिलीच ओळ माझ्या प्रोजेक्टची.

“येडे, ही तुझीये.”

“थांब. तुझी दुसरीकडे असेल.”

आम्ही यादी पाहिली. आमच्या आडनावाची एकच फाइल होती. पुन्हा यादी काढली. तिसऱ्यांदा काढली. मग ती खुर्चीची कड धरून बसून राहिली.

सर आले. त्यांनी दोन-तीन हुकूम मारून पाहिले आणि मान हलवली. “वरून कॉपी झाली की गेली. परत येत नाही. दोघींच्या फायली एकाच नावाच्या? डोकं कुठे ठेवलेलं?”

मागून एक मुलगा म्हणाला, “सर, एका म्यानात दोन तलवारी!” सगळी लॅब हसली.

नाव तुम्हीच द्यायला सांगितलं होतंत, हे वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. मी गिळलं. एवढंच म्हटलं, “सर, त्यानं विचारलं नाही.”

“कुणी?”

“कॉम्प्युटरनं. आधीची फाइल आहे म्हणून.”

“मशीन कशाला विचारेल? तुम्ही सांगाल तेच ते करतं. मशीन चुकत नसतं, माणूस चुकतो. उद्या दोघींनी माफीनामा आणा. आमच्या निष्काळजीपणामुळे, असं स्पष्ट लिहायचं. पालकांची सही हवी. मग हिला सोमवारपर्यंत मुदत देतो. नाहीतर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, वर्ष गेलं समजा.”

मशीन विचारत नसतं, हे खोटं होतं. सगळ्या फायली एकदम पुसायचा हुकूम दिला तर तेच मशीन विचारायचं, नक्की ना? हो की नाही? हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे विचारायची अक्कल बनवणाऱ्यांनी त्यात घातलेली होती. पुसताना विचारायचं आणि एकावर दुसरं टाकून पहिलं मारताना गप्प बसायचं, वर कॉपी झाली म्हणून शाबासकी घ्यायची. हे मला लॅबमध्ये सुचलं नाही. घरी जाताना बसमध्ये सुचलं, आणि उतरायचा स्टॉप मागे पडला.

संध्याकाळी आबांपुढे कागद ठेवला. ते सही करायला शिकले होते, पण काय लिहिलंय ते ऐकल्याशिवाय करत नसत. मला वाचून दाखवायला लावलं.

“निष्काळजीपना? काय सांडलंस तिथं?”

मी समजावू लागले. फाइल, फ्लॉपी, हे त्यांना कसं सांगावं कळेना. म्हटलं, समजा एका गाळ्यात एका शेटची थप्पी लावलीये, आणि मी दुसऱ्याचा माल आणला.

“मग?”

“दोघांच्या गोणीवरचा मार्का सारखाच. तर माझा माल ठेवताना पहिला माल नाहीसा झाला.”

“नाहीसा झाला म्हंजी? हमालानं काय केलं?”

“हमालानं काही विचारलं नाही. माल लागला म्हणून सांगितलं.”

आबा माझ्याकडे बघतच राहिले. “आगं, गाळ्यात पाऊल टाकायच्या आधी आमी वरडून इचारतो, कुनाची थप्पी हाय? आन मार्का सारका असला तर कोळशानं रेघ मारतो, दोन मिनिटाचं काम. न इचारता दुसऱ्याच्या मालावर माल टाकला तर टोळीतनं हाकलत्यात.” मग म्हणाले, “तुज्यापेक्षा त्या हमालाकडनं लिवून घ्यायला पायजे.”

मला रडू फुटलं. कॉलेजात इतक्या शिकलेल्या माणसांत जे कुणाला दिसलं नाही, ते ज्यांनी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता त्यांना दोन मिनिटांत दिसलं होतं. मी म्हटलं, मी हे लिहिणार नाही. खरं काय झालं ते लिहिते.

“आन त्या पोरीचं वरीस?” आबांनी विचारलं.

मी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

“मग हाय तेच ऱ्हाऊ दे. पर तू खोटं लिवलंयस, एवढं ध्यानात ठेव. उद्या खरंच वाटाया लागंल तुला.” आणि त्यांनी सही केली. एकेक अक्षर सावकाश, बोटावर भार देऊन.

पुढचे चार दिवस मैत्रीण टाइप करत होती आणि मी तिच्या वहीतून वाचून दाखवत होते. माझा लॅबचा तासही तिलाच दिला. पण सगळ्या बायकांची उत्तरं वहीत नव्हती, पुष्कळशी सुट्या कागदांवर होती आणि ते तिनं टाइप झाल्यावर फेकले होते. एक बाई पायांबद्दल काहीतरी फार वेगळं बोलली होती. ती नक्की काय म्हणाली, ते आम्हा दोघींनाही आठवेना. मैत्रिणीनं तिथे लिहिलं, ‘पाय दुखतात’. चाळीसच्या जागी तेवीस बायका राहिल्या. ती प्रॅक्टिकलला बसली आणि पास झाली. गुण कमी का, तर सर्व्हे लहान.

तिनं मला कधीही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी लॅबमध्ये त्याच सिस्टिमची नवी आवृत्ती आली. एका दुपारी मी काहीतरी कॉपी करत होते, आणि पडद्यावर नेहमीची ओळ आलीच नाही. त्याऐवजी प्रश्न आला. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? हो, नाही, की सगळ्याच?

मी मैत्रिणीला हाक मारली. ती वाकून वाचत राहिली. “विचारायला लागलं गं,” ती म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे कान तापले होते. म्हणजे चूक कुणालातरी कळली होती. कुठेतरी बसून त्यांनी ती दुरुस्त केली होती, आणि पडद्यावर त्याबद्दल एक शब्दही नव्हता. किती जणांचं काय काय गेलं असेल, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असेल, आपलंच चुकलं.

सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “हां, नवीन सोय आहे. चांगलं केलंय.”

मी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षकांकडे काही मागितलं. “सर, मग आमचे माफीनामे परत द्या.”

“कसले माफीनामे?”

“मागच्या वर्षीचे. निष्काळजीपणाचे. आमच्या दोघींचे.”

त्यांना आठवायला वेळ लागला. मग हसले. “अगं, ते ऑफिसात फाइलला लागलेत. आता काय करायचंय त्यांचं? सोड ना.”

मी ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, अर्ज कर. मी अर्ज केला. पुढच्या आठवड्यात गेले, त्याच्या पुढच्याही. कॉलेज संपेपर्यंत विचारत राहिले. ते कागद मला मिळाले नाहीत.