आबांसाठी भिंतीचे फोटो

मी गाव सोडलं त्या दिवशी आबा कामावरून थेट एसटी स्टँडवर आले होते. माझे वडील गवंडी. हाताला सिमेंट तसंच, टोपीवर धूळ, आणि गाडीला अवकाश होता म्हणून स्टँडच्या नव्या भिंतीवरून हात फिरवत उभे. इकडे माय पदराने डोळे पुसत होती आणि ह्यांचं आपलं गिलावा कसा झालाय ते बघणं चाललेलं. मला रागच आला. गाडी लागली तेव्हा ते खिडकीखाली आले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, खोली घेताना आधी भितीला हात लावून बघ. कोरडी असली तरच घे." बाकीच्यांचे आईबाप जपून राहा, वेळेवर जेव असं सांगतात. माझ्या बापाने भिंतीचं सांगितलं.

मी हात लावून बघितला होता, हे आधीच सांगून टाकते. साकीनाक्याच्या मागे टेकडीला टेकून वस्ती आहे, तिथे दहा बाय बाराची खोली. मागची भिंत डोंगराच्या अंगाला. हात लावला तर तळवा ओला झाला. पण मरोळच्या कारखान्यात दोन दिवसांत हजर व्हायचं होतं आणि ओळखीच्या बाईंकडे मुक्काम लांबत चालला होता. घेतली खोली. त्या संध्याकाळी फोनवर आबांचा पहिला प्रश्न, "भित कोरडी हाय ना?" मी म्हटलं, "हो आबा, एकदम कोरडी."

या एका वाक्याला मी अकरा वर्षं टेकू देत राहिले. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना हे टेकू माहीत असतील. घरी फोटो पाठवायचे ते जुहूच्या समुद्राचे, मॉलच्या सरकत्या जिन्याचे, कारखान्यातल्या वर्धापनदिनाचे. खोलीतला काढायचाच झाला तर मागे नवी चादर टांगून. मोबाईल तर बिचारा आपणहून मदत करतो, अंधारातलं उजेडात आणतो, चेहरा गोरा करतो, डोळ्यांखालचं काळं पुसून टाकतो. एप्रिलमध्ये जयंतीला गावी गेले की मोबाईल फिरायचा आणि सगळ्या बाया म्हणायच्या, मुंबईचं पाणी मानवलं हो पोरीला. आबा मात्र एकदा स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "चेहऱ्यावर बी गिलावा मारतेत का तिकडं?" सगळे हसले, मीही हसले.

ते यायचं म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे, चार दिवस येतो, तुझी खोली बघतो. मी म्हणायची, आत्ता उन्हाळा आहे, पत्रे तापतात. मग म्हणायची, आत्ता पावसाळा आहे. मग कारखान्यात ओव्हरटाइम निघायचा. माझं काम तपासणीचं. औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं दिव्याखाली धरायची आणि तडा, बुडबुडा, डाग दिसला की बाजूला टाकायचं. दिवसभर दुसऱ्याचे दोष शोधून पोट भरणारी बाई आपल्या बापाला आपली भिंत दिसू नये म्हणून बहाणे रचत होती. याची लाज तेव्हा वाटली नाही, वेळच नव्हता.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटक झालं. मी आठवडाभर गावी राहिले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "तुझी खोली... पाह्यची राह्यली." त्या क्षणी मला कळलं की आता ते कधीच येणार नाहीत, आणि हे मी केलंय. झटका मी आणला नाही, पण अकरा वर्षं त्यांना दारातून परत पाठवलं ते मीच. मी घाईघाईने मोबाईल काढला. त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला. म्हणाले, "साधा कॅमेरा घे. इंजिनियरसारखा. रोजचं दाव."

इंजिनियरचा कॅमेरा मला आठवत होता. आबा ज्या साइटवर काम करत तिथल्या साहेबांच्या पट्ट्याला एक छोटा डिजिटल कॅमेरा लटकवलेला असायचा. पाया भरायच्या आधी, सळया झाकायच्या आधी, गिलावा मारायच्या आधी ते फोटो काढून घेत. आबांना त्याचं फार कौतुक. झाकायच्या आधी काढलेला फोटो खरा, असं ते मानायचे.

अंधेरी पश्चिमेला जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारं एक दुकान आहे, तिथे गेले. कॉलेजच्या मुलींची ही गर्दी. "यार, हा बघ ना, कसला झकास आहे!" असं चाललेलं. माझ्या वयाची मी एकटीच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काय काढणार? ट्रॅव्हल, फॅमिली?"

"रोजचं."

"रोजचं म्हणजे?"

"भिंत."

"भिंतीवरचं पेंटिंग?"

"नाही हो, नुसती भिंत."

त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक चकचकीत, लांबचं जवळ आणणारा. दुसऱ्याचे कोपरे घासलेले, त्यात जवळ आणण्याची ताकद कमी, पण उभ्या जागेवरून बरंच काही मावायचं. मी म्हटलं, आधी बघू द्या. दुकानाशेजारी जिन्याखाली एक ओलसर कोपरा होता. फ्लॅश बंद करून दोन्हींनी तिथला फोटो काढला, मग स्क्रीनवर मोठा करून कारखान्यातल्या सवयीने इंच इंच तपासला. चकचकीत कॅमेऱ्यात कोपरा सुंदर दिसत होता. घासलेल्यात पोपडे दिसले, पाण्याची रेघ कुठून सुरू होते ते दिसलं, आणि आख्खा जिना एका फोटोत आला. माझ्या खोलीत मागे सरकायला जागा नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं. "हा द्या," म्हटलं. दुकानदार म्हणाला, "ह्याच्यात फेस जरा आहे तसाच येतो हां, मॅडम." म्हटलं, चालेल.

घेतला खरा, पण चार दिवस तो फळीवर पडून होता. भिंतीवर आता कायमचीच टांगलेली चादर काढायला हात धजेना. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, काढली. चादरीमागे भिंत हिरवी-काळी झाली होती. अकरा वर्षांत मीसुद्धा तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. दारातून काढले, मोरीत उभं राहून काढले, मोरीच्या झरोक्यातून दिसणाऱ्या गटाराचाही एक काढला, स्टुलावर चढून काढले. शेजारच्या परबकाकी दारात येऊन उभ्या. "काय गो, भिंतीचे फोटो कित्याक काढतंस?" म्हटलं, वडिलांना पाठवायचेत. त्या घरात जाऊन स्टुलाला टेकण म्हणून पाट घेऊन आल्या.

मोठ्या आकाराच्या प्रिंट काढून कुरियरने पाठवल्या. पोचल्याचा मायचा फोन आला. मी विचारलं, काय म्हणाले? माय म्हणाली, "दिसभर उशाशी घिऊन पाहत होते. अकरा वर्सं, एवढंच म्हनले. जेवले नाहीत." त्या रात्री माझाही घास उतरला नाही. ते रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी कुरियर उलट आला. पाकिटात माझेच फोटो. त्यांवर सुताराच्या चपट्या पेन्सिलीच्या रेघा, डाव्या हाताने ओढलेल्या, थरथरत्या. एका फोटोत भिंतीच्या वरच्या कोपऱ्यावर गोल आणि बाणाने दाखवलेली पाण्याची वाट. दुसऱ्यावर फुल्या, जिथला जुना गिलावा पाडायचा तिथे. मोरीच्या फोटोमागे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, "आतून कितीही लिंपलं तरी उपयोग नाही. बाहेरच्या गटाराचा उतार भिंतीकडे आहे. आधी तो फिरव." बोलणं तुटलेल्या माणसाने पाचशे किलोमीटरवरून, खाटेवर पडून, माझ्या घराचं काम काढलं होतं.

घरमालकाला तयार करायला महिना गेला. शेवटी एक मिस्त्री आला, उत्तरेकडचा, वयस्क. गटाराकडे पाहण्याआधी तो फोटोच बघत बसला. "ये कौन निशान लगाया? पुराना कारीगर लगता है." मी म्हटलं, "मेरे बाप ने." इतक्या वर्षांत या शहरात आबांची ओळख मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. काम तीन दिवस चाललं. भिंत पूर्ण कोरडी झाली असं म्हणणार नाही, डोंगर शेवटी डोंगर आहे. पण हात ओला होत नाही. आहे तसा फोटो काढला आणि पाठवला, आणि सोबत लिहिलं की वरच्या कोपऱ्यात अजून थोडी ओल आहे.

मग आबांचा निरोप आला. आता भिंत पुरे, तुझा काढ.

मी नटले नाही. कारखान्यातून आले तशी, अंगावर निळा एप्रन, केस विस्कटलेले. कॅमेरा ओट्यावर ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि त्याच भिंतीपुढे जाऊन उभी राहिले. हसायचं ठरवलं होतं, तोवर फोटो निघून गेला. परत काढला नाही, तोच पाठवला.

फोनवर माय सांगत होती, "लई येळ पाह्यला. फोटोवरून बोट फिरवलं. मंग म्हनले, थकली पोरगी."

मी एप्रनसकट खाली बसले आणि रडले. अकरा वर्षांत माझ्या फोटोंना कितीजणांनी छान म्हटलं, मस्त म्हटलं. हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण मी दिसू दिलं नव्हतं. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायची आणि मग कसंनुसं वाटायचं, कारण आता तिथे मी पाहुणी असते. साकीनाका म्हणायला जीभ वळायची नाही. आता वाटतं, आपण थकलोय हे ज्याला न सांगता कळतं, तो माणूस जिथे आहे तिथे आपलं घर. माझा माणूस खाटेवर आहे, आणि आवाज महिन्या-महिन्याला खोल जातोय. तो गेला की मी कुठे घरी जाणार, ते मला माहीत नाही.

तुम्ही जे दूर आहात आणि घरी सगळं छान आहे म्हणून कळवताय, तुम्हाला उपदेश करायची माझी लायकी नाही. मी फक्त सुट्टीचा अर्ज टाकलाय, आणि या वेळी बहाणा सापडलेला नाही. कॅमेरा इथेच ठेवून जातेय. आबांना मला समोरून बघू दे.