भाऊजींनी लावलेलं फाटक

"मग काय वाऱ्याला हात फुटले आणि त्याने कडी घातली?"

शेजारचा थोरला ओरडला तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. तिकडे कुणी शिंकलं की इकडे आम्ही रुमाल शोधायचो. दोघे भाऊ गाई पाळायचे, दूध विकायचे.

"दादा, मी उघडं ठेवलं होतं. शपथ घेऊन सांगतो," धाकटा म्हणाला.

"शपथ काय दूध आहे, रोज काढायला?"

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"लाल गाय मेली. पोटातल्या वासरासकट मेली. तुझा विश्वास काय तिच्या तोंडात घालू?"

मग एक बादली आपटली. 

माझ्यासमोर चहाचा कप धरून आमचे भाऊजी बसले होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाहीचं बटण, जे लावलेलंच होतं, ते पुन्हा लावलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, गुरं माळावर असली तर फाटक उघडं ठेवतात?"

माझं माहेर शेतातलं. मी म्हटलं, "पाणी फाटकाच्या खालच्या अंगाला असेल तर उघडंच ठेवतात. नाहीतर ती पिणार काय, ऊन?"

त्यांचा चेहरा कोऱ्या अस्तरासारखा पांढरा झाला.

"मी लावलं," ते म्हणाले. "रविवारी तिथून गेलो. उघडं दिसलं, म्हणून लावलं."

हे खरं वाटायला भाऊजी कसे होते ते सांगायला हवं.

भाऊजी शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. रस्त्याकडे तोंड करून त्यांचं मशीन, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे आणि खिडकीपाशी माझी खुर्ची. काज, बटणं, दुमडी हे माझं खातं. आमचे हे ट्रकवर, घरी पाहुण्यासारखे यायचे. त्यामुळे घरात मी, पोरं आणि भाऊजी. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मापं बऱ्याच जणींनी घेतली, कापडच कमी पडलं."

त्यांच्या हाताला एक खोड होती. उघडं दिसलं की लावायचं. रस्त्याने चाललेल्या पोराचं बटण, कुणाच्या पिशवीची चेन, डब्याचं झाकण, कपाटाचं दार. समोरचा बोलत असला तरी यांचे डोळे त्याच्या सुटलेल्या हुकावर. एकदा एक मोठे साहेब सूट शिवायला आले आणि त्यांच्या पँटची चेन उघडी होती. भाऊजींचा हात वळवळायला लागलेला पाहिला आणि मी इतक्या जोरात खोकले की साहेबांनी मला पाणी आणून दिलं.

दुसरी खोड सायकलची. आठवडाभर मशीनला पाय मारायचे आणि बोटभरही पुढे जायचं नाही. "वहिनी, सहा दिवसांचं अंतर साठलंय," म्हणायचे आणि रविवारी निघायचे. डांबरी रस्त्याने जाणार नाहीत. तो तयार कपडा, म्हणायचे, दुसऱ्याच्या मापाचा. यांना शेतातल्या वाटा हव्यात. कुठे बांधाची कड, कुठे गाडीच्या चाकोऱ्या, कुठे कोरड्या ओढ्याचं पात्र, कुठे मक्याच्या दोन शेतांमधली जेमतेम हँडल मावेल एवढी जागा. एक वाट दुसरीला कुठे जोडता येते ते शोधत फिरायचे. वाट मध्येच संपली की सायकल खांद्यावर आणि पाय चिखलात. सायकल तरी कसली, अर्धी खाटच. भंगारातून जाड टायर आणून बसवलेले. मागे पत्र्याची पेटी, त्यात पंक्चरचं सामान, सुईदोरा आणि कपड्यावर खुणा करायचा खडू. ट्यूब फाटली तरी तीच पेटी, पँट फाटली तरी तीच पेटी. नवी वाट सापडली की दगडावर नाहीतर खांबावर खडूने बाण काढायचे, पुन्हा आलं तर चुकायला नको म्हणून.

बरोबर कोपऱ्यावरचा औषधवाला असायचा, पोट कमी करायला. परत आला की आमच्या पायरीवर बसून पाय चोळायचा. "ताई, तुमच्या दिरांच्या मागे गेलं की माझीच औषधं मला लागतात."

त्या रविवारी भाऊजींना ओढ्यापासून माळावर चढणारी गुरांची वाट सापडली. त्यांच्या जुन्या दोन वाटा तिच्यामुळे जोडल्या जाणार होत्या. वर पोचले तर फाटक सताड उघडं, वाऱ्यावर करकरत होतं. औषधवाल्याचे ब्रेक लागत नव्हते, तो पलीकडच्या उतारावरून आरडाओरडा करत गेलेला. भाऊजी उतरले. फाटक ओढलं, कडी घातली, बटण बसलं का बघतात तसं हलवून बघितलं. खांबावर खडूने बाण काढला. आणि शीळ घालत गेले.

गाई माळावर चरत होत्या. पाणी खाली ओढ्याच्या डोहात. दोघे भाऊ बैल विकायला लांबच्या बाजाराला गेलेले, ते सोमवारी उतरत्या उन्हात परतले. बाकीच्या गाई जीव धरून होत्या. लाल गाय दिवस भरलेली, ती फाटकाला डोकं टेकून पडलेली होती.

मी म्हटलं, "भाऊजी, उठा. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

ते उठलेही. दाराच्या कडीवर हात ठेवला. तेवढ्यात भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला, "ज्या हाताने कडी घातली तो हात झडून जावा!" भाऊजींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. शिंप्याचा हात तो. परत येऊन बसले.

"राग उतरू दे. सकाळी सांगतो."

सकाळी धाकटा घरात नव्हता. कपड्यांचं गाठोडं घेऊन पहाटेच निघून गेला होता. टेकडीपलीकडच्या गावात दुसऱ्याच्या गोठ्यात कामाला लागला, असं पुढे कळलं. स्वतःच्या गाई सोडून लोकांच्या गाईंचं शेण काढायला.

त्याच दिवशी भाऊजी माळावर जाऊन खांबावरचा बाण पुसून आले. पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, काल नुसती चूक होती. आज मी चोर झालो."

मी सांगायला निघाले तर मला हात जोडले. "ते माझ्याच तोंडातून गेलं पाहिजे." पण तोंड काही उघडेना. आज सांगितलं तर लोक विचारणार, काल का नाही? उद्या सांगितलं तर विचारणार, परवा का नाही? असं करत करत पोरं मोठी झाली, माझ्या चष्म्याचा नंबर बदलला आणि गोष्ट तिथेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, यांच्या मनात सदा पौर्णिमा. थोरला नुसता "मास्तर" म्हणून दारात आला तरी यांच्या हातातली कात्री खाली पडायची.

पोरांची बटणं लावायचं त्यांनी सोडून दिलं. रविवारी फिरायचंही सोडलं. औषधवाला सायकल घेऊन दारात यायचा आणि हात हलवत जायचा. त्याचं पोट पुन्हा जिथल्या तिथे आलं.

गाय मेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मात्र भाऊजींनी भंगारवाल्याकडून एक आंघोळीचा जुना टब आणला. हातगाडीवर घालून माळावर नेला आणि फाटकाच्या वरच्या अंगाला ठेवला. मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सायकलला दोन कॅन बांधून ओढ्यापासून वर पाणी न्यायचे. पुन:पुन्हा, टब भरेपर्यंत. त्या वाटेने रिकामी सायकल चढवतानाही लोकांना धाप लागते.

थोरल्याला आधी हसू आलं. "मास्तर, गाईंना झबली पण शिवणार का?" मग त्याला यांचं कौतुक वाटायला लागलं. चारचौघांत सांगायचा, "रक्ताचा भाऊ पाणी तोडून गेला आणि हा परका माणूस पाणी घालतो बघा!" हे ऐकलं की भाऊजी त्या दिवशी जेवायचे नाहीत. शिव्या परवडल्या असत्या. मी एकदा चिडून म्हटलं, "अख्खा ओढा वर नेलात तरी धाकटा खाली यायचा नाही." ते म्हणाले, "माहीत आहे, वहिनी." आणि कॅन बांधायला लागले.

मग एकदा थोरला शर्टाचं माप द्यायला आला. मी खिडकीपाशी काज करत होते. भाऊजींनी त्याच्या छातीभोवती टेप घातला. थोरला हात वर करून उभा, आणि बोलता बोलता म्हणाला, "परवा धाकटा बाजारात दिसला. केस पिकलेत. समोरून गेला, बोलला नाही. एवढ्या वर्षांत एकदा, मास्तर, एकदा म्हणाला असता ना की हो दादा, चुकून लावलं, तर मी तिथल्या तिथे मिटवलं असतं. पण कबूलच करत नाही."

माझी सुई जागीच थांबली. ज्याने काही केलंच नाही त्याने कबूल काय करायचं? आणि जोवर तो करत नाही तोवर घराचं दार बंद.

भाऊजींचा हात टेपवर तसाच होता. म्हणाले, "फाटक मी लावलं."

"कसलं फाटक?"

"तेच. मी सायकलवरून आलो होतो. उघडं होतं, मी कडी घातली. धाकट्याने उघडंच ठेवलं होतं."

थोरल्याचे हात वर ते वरच. टेपमधून त्याची छाती वरखाली होताना मला दिसत होती. तो मारणार असं वाटलं. भाऊजींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला.

पण थोरला म्हणाला, "माप पुरं घे."

भाऊजींनी माप घेतलं. बाही, खांदा, गळा. 

"म्हणून पाणी घालत होतास होय," थोरला म्हणाला. "आणि मी गावभर तुझी आरती ओवाळत फिरलो." मग दारात जाऊन, पाठ करूनच बोलला, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो टेकडीपलीकडे आहे. मी गेलो तर तो दार लावून घेईल. तू जा."

भाऊजी त्याच रविवारी गेले. मोटारीने जा म्हटलं तर ऐकेनात. टेकडीपलीकडे शेतातून जाणारी वाट कुणालाच ठाऊक नव्हती, ती शोधत गेले. एकदा चिखलात रुतले, एकदा कुंपणापाशी अडून मागे फिरले, एका कुत्र्याने पँटचा पाय फाडला. पोचले तेव्हा धाकटा दूध काढत होता. भाऊजींनी तिथेच, उभ्याउभ्या सांगितलं. तो धार काढायची थांबला नाही. बादली भरल्यावर एवढंच म्हणाला, "माझी इतकी वर्षं गेली मास्तर, ती कुठल्या कापडातून शिवून देणार?"

हे मला सांगताना भाऊजी लहान पोरासारखे रडले.

"मग काय केलंत?"

"सायकल वळवली. तर मागून म्हणाला, कुठल्या वाटेने आलास? मी म्हटलं, बाण काढलेत."

बाण बघत बघत धाकटा एका रविवारी माळापर्यंत आला. घरी नाही आला. फाटकापाशी, त्या टबाजवळ बसला. थोरला खालून वर गेला. काय बोलले देव जाणे, पण त्यानंतर रविवारी दोघे तिथे बसलेले दिसायचे, दोन दगडांवर, मध्ये पाणी. धाकटा घरी राहायला असा कधी आलाच नाही. भाऊजींशी कामापुरतं बोलायचा. माफ केलं असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही आणि भाऊजींनीही कधी मागितलं नाही. मी म्हणायचे, "आता तरी ते कॅन ठेवा की बाजूला." ते म्हणायचे, "गाईंना सांगितलंय का कुणी, की सगळं मिटलंय?"

भाऊजी वारले त्या दिवशी सकाळी आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. चहा प्यायले. "वहिनी, निळ्या फ्रॉकची दुमड एक बोट जास्त घाला, पोर वाढतंय," म्हणाले. पँटच्या पायाला क्लिप लावली, कॅन बांधले आणि गेले. पुढचं थोरल्याने पाहिलं, तो ओढ्याशी गाई पाजत होता. भाऊजी नेहमीसारखे चढले, मध्ये एकदा थांबून दम घेतला, पुन्हा चढले. टब भरला. फाटक उघडं होतं. लाल गाय मेल्यापासून उघड्या फाटकापाशी ते करायचे तसंच त्यांनी केलं. सायकल कमरेला टेकवून दोन्ही हात खिशात घातले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग हात बाहेर काढून हँडल धरलं आणि फाटकाला न शिवता, रिकामे कॅन वाजवत खाली आले.