बेचिराख म्हणजे जळालेलं नव्हे

नोकरीतली माझी सर्वांत मोठी चूक एका शब्दाची होती. तुम्ही दोघं नातवंडं मराठी अजून बोट ठेवून वाचता, म्हणून ती घडली त्याच क्रमाने सांगते.

निवृत्त होण्यापूर्वीची काही वर्षं मी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका मोठ्या सरकारी खात्यात डेटा आर्किटेक्चरची प्रमुख होते. बसायला अमरावतीला, काम साऱ्या राज्याचं. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात राहील, तो कप्पा कोण उघडेल आणि एक कप्पा दुसऱ्याला कसा जोडलेला असेल, हे ठरवणं माझ्याकडे होतं. सगळ्याच्या बुडाशी एकच यादी होती, गावांची. शेत कुठल्या तरी गावच्या हद्दीत असतं, म्हणून शेताची प्रत्येक नोंद गावाच्या क्रमांकाला टांगलेली.

ही यादी फार अस्वच्छ होती. एकच गाव तीन स्पेलिंगांनी तीनदा आलेलं, कुठे दोन गावांना एक क्रमांक. ती निस्तरताना मला बरीच गावं अशी दिसली की लोकसंख्येच्या रकान्यात शून्य आणि शेऱ्यात एकच शब्द: बेचिराख. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. हा शब्द मला वर्तमानपत्रातल्या युद्धाच्या बातम्यांतून माहीत. शहर बेचिराख झालं म्हणजे राख झाली, संपलं. मी नियम केला की लोकसंख्या शून्य आणि शेरा बेचिराख असेल, तर ते गाव बंद यादीत टाकायचं. नियम सगळ्या कार्यालयांना पाठवला, आक्षेपांसाठी आठ दिवस दिले. एकही आक्षेप आला नाही. मला समाधान वाटलं.

जूनमधल्या एका सोमवारी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत नवी यादी चालू झाली. शुक्रवारी अकोल्याला बैठक होती. तिथे आमच्या सचिवांसमोर यश जाहीर व्हायचं आणि त्याच संध्याकाळी यादी साऱ्या राज्यासाठी कुलूपबंद व्हायची.

गुरुवारी सकाळी एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. धामणगाव रेल्वेकडून पहिल्या बसने आलेल्या. बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागदांची फाइल. गावाकडच्या, उतारे काढून देणाऱ्या केंद्रावरच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की नवी यादी अमरावतीच्या मॅडमनं केली, त्यांनाच विचारा.

"मॅडम, आमचं वावर कुठी गेलं?" तिने विचारलं.

सातबारा, म्हणजे शेत कोणाचं हे सांगणारा सरकारी उतारा, चार दिवसांपासून निघत नव्हता. केंद्रावर आधी सर्व्हर डाऊन आहे म्हणाले, मग म्हणाले गावच दिसत नाही.

"कॉम्प्युटर म्हन्ते गावच नाई. मंग आमी कोन्या गावात पेरून राह्यलो?"

 मुलीने फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्रवेश. शेतकऱ्याच्या मुलांना तिथे काही जादा गुण मिळत. पुरावा म्हणून सातबारा. कागदपत्रं तपासण्याची शेवटची वेळ उद्या, शुक्रवार, संध्याकाळी पाच. जादा गुणांशिवाय तिचं नाव प्रवेशाच्या यादीत बसत नव्हतं, हे तिने पेन्सिलने बाजूला मांडून ठेवलं होतं. मी ती बेरीज तपासली. बरोबर होती.

मी गावाचं नाव टाकून पाहिलं. गाव बंद यादीत होतं. शून्य, बेचिराख. मी बाईला म्हटलं, ताई, हे गाव जळून गेलेलं आहे ना? तिने जोरात मान हलवली, नाही.

मी अभिलेख कक्षातल्या अव्वल कारकुनांना बोलावलं. ते अकोल्याचे. जुन्या नोंदवह्यांत त्यांचं सारं आयुष्य गेलेलं. शेरा वाचून ते हळूच हसले.

"मॅडम, हे राखेवालं बेचिराख नाई. बे-चिराग. जुना दफ्तरी शब्द आहे. जिथं दिवा लागत नाई ते गाव. वस्ती उठून गेली, गावाची सीव, हद्द तं आहे न, वावरं तं आहेत न. लोक बाजूच्या गावात राह्यतात अन् इथं पेरतात."

मी त्यांना विचारलं, मग आक्षेप का नाही घेतलात?

"तुमी आक्षेप इंग्रजीतून मागवले होते. अन् तुमी एवढ्या शिकलेल्या, आमाले वाटलं काई हिशोब असन तुमचा."

बाई मध्येच म्हणाली, "तुमचं होऊ द्या, पन आमचं उद्या निघन न?"

मी पाहते म्हणाले. पाहते म्हणजे काय, तिने लगेच विचारलं.  यादीतला बदल एकट्या माणसाने करू नये म्हणून दोघांच्या मंजुरीची अट मीच घातली होती. एक मंजुरी माझी, दुसरी आमच्या वरिष्ठांची. मी मायलेकींना उद्या सकाळीच अकोल्याला जायला सांगितलं, मीही तिथेच येणार होते. माझा नंबर मुलीने वहीत लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला.

वरिष्ठांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, बैठकीच्या आदल्या दिवशी यादी उघडणं शक्य नाही. त्या बाईंच्या शेताचा गट नंबर तात्पुरता शेजारच्या गावात टाका, सातबारा देऊन टाका, बाकी सगळं पुढच्या महिन्यात बघू. मी शेजारचं गाव उघडलं. तिथे त्याच नंबरचं शेत होतं, दुसऱ्या कुटुंबाचं. मी हा बदल केला असता तर दोन घरांत भांडण लावून दिलं असतं, तेही सरकारी सहीने. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, उद्या भेटू.

त्या दिवशी मी आणि माझ्या हाताखालच्या दोघांनी बंद यादीतलं प्रत्येक गाव नोंदवह्यांशी ताडून परत घ्यायची तयारी करून ठेवली. फक्त मंजुरी बाकी राहिली.

शुक्रवारी सकाळी अकोल्याला पोचले. बैठक अकराची, सुरू झाली बाराला. माझा फोन मांडीवर होता. मुलीचा निरोप आला की त्या दोघी तहसीलजवळच्या केंद्रात बसल्या आहेत. वरिष्ठ पडद्यावर तक्ते दाखवत होते. दोन्ही जिल्ह्यांत एकही तक्रार नाही, असं ते म्हणाले. एक वाजून गेला होता.

मी उभी राहिले. मला भाषणं करता येत नाहीत, तुमच्या आजोबांना विचारा. मी एवढंच म्हणाले, "सर, तक्रारी आहेत. त्या सर्व्हर डाऊन म्हणून नोंदल्या गेल्या. मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला आणि लोकांची शेतं असलेली गावं यादीतून काढली. यादी आज कुलूपबंद करू नये."

 वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिले. सचिवांनी तो शब्द विचारला, मी सांगितला. दुरुस्तीला किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. तीन तास, मी म्हणाले. मग इथे का बसलो आहोत, असं म्हणून ते वरिष्ठांकडे वळले. वरिष्ठांनी तिथेच, माझ्या लॅपटॉपवर, मंजुरी दिली. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले आणि मला लेखी खुलासाही द्यावा लागला.

दुरुस्ती सुरू करून मी त्या केंद्रात गेले. तीन तास म्हटलं होतं खरं, पण गावं एकेक करून परत येत होती, आधी अमरावतीकडची तालुकावार, आणि मध्येच त्यांचं गाव घुसवता येत नव्हतं. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हती, तिची आई बघत होती. चार वाजले. केंद्रचालकाने पुन्हा नाव टाकलं, गाव नाही. सव्वाचारला नाही. बाई मला म्हणाली, "मॅडम, तुमी पानी तं प्या. तुमालेच काई झालं तं बटन कोन दाबन?"

चार वाजून पंचवीस मिनिटांनी गाव आलं. गट नंबर टाकला, बाईचं स्वतःचं नाव उमटलं. चालकाने उतारा छापून दिला आणि आम्ही तिघी रिक्षात बसलो.

महाविद्यालयाच्या खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. आतल्या गृहस्थांनी फाइल उलटली आणि सातबाऱ्यावर थांबले.

"पत्त्यात गाव एक, सातबाऱ्यात दुसरंच. आणि हे गाव मी ऐकलेलंसुद्धा नाही."

मी पुढे झाले, ओळखपत्र काढायला पर्स उघडली. मुलीने मला कोपराने मागे सारलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा पूर्ण आवाज ऐकला.

"सर, आम्ही राहतो या गावात. शेत त्या गावात आहे. तिथं कोणी राहत नाही, पण सीव वेगळी आहे. सातबाऱ्यावर डिजिटल सही आहे, तपासून घ्या."

त्यांनी उताऱ्यावरचा क्रमांक संगणकावर टाकला. आम्ही वाट पाहिली. मग त्यांनी शिक्का शाईवर दाबला, फॉर्मवर मारला आणि पावती खिडकीतून बाहेर सरकवली. मुलीने ती तिथेच उभी राहून दोनदा वाचली, आईच्या हातात दिली आणि मागच्या रांगेसाठी बाजूला झाली.