दोन डॉक्टरांची सुई

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. रक्ततपासणीची रक्कम तीनशे रुपये. जालन्याच्या लॅबमध्ये हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ. पत्नीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन ३.१ होतं; शेजारी छापलं होतं, १.१ पर्यंत ठीक. म्हणजे तिच्या किडन्या रक्त नीट गाळत नव्हत्या. दिवाळीच्या आधी तिला लघवीचं साधं इन्फेक्शन होऊन ताप आला होता. ताप गेला, पण पाय सुजले.

पहिला संशय मला लॅबचाच आला. तीर्थपुरीच्या आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम इथंच पाठवलं होतं. आकडा फुगला की लॅब आणि डॉक्टर, दोघांचं भागतं. मी मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या लॅबमध्ये तिला परत रक्त द्यायला लावलं.

"आधीच अंगात रक्त न्हाई, अन् तुम्ही वाटत सुटलात," ती म्हणाली.

तिथं ३.२ आलं. मग संशय तापात आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनवर गेला. त्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही जालन्यातच किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो.

"जेंटामायसिन. यानं किडनीला इजा होते कधी कधी," ते म्हणाले. "पण एवढ्या डोसात इतकी? आणखी काही घेतलं का ताई?"

पत्नी पदराशी चाळा करत बसली. मेहुणा माझ्याकडं न बघता म्हणाला, "सांगून टाक ना आक्का."

ताप उतरेना म्हणून, आईला बघून येते असं मला सांगून, ती संध्याकाळी त्याच्यासोबत अंकुशनगरच्या डॉक्टरांकडे जात होती. त्यांनीही तेच इंजेक्शन दिलं, वर कंबरदुखीच्या गोळ्या. सकाळी तीर्थपुरीत, संध्याकाळी तिथं; डोस दुप्पट, अन् त्या गोळ्याही किडनीला बाधणाऱ्या.

"अगं, निदान डॉक्टरांना तरी सांगायचं!" मी म्हणालो.

"कसं सांगू? आपले डॉक्टर इतक्या वर्षांचे, त्यांना काय वाटलं असतं? अन् तिकडच्यांना म्हणू का, मी दुसऱ्याची बी सुई घेऊन राह्यले?"

"डॉक्टरचा राग उतरतो ताई, गेलेली किडनी येत नाही," किडनीचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या, इंजेक्शनं सगळी बंद केली. डायलिसिसचं मी विचारलं, तर म्हणाले, थांबून बघू. डायलिसिस न सांगणाऱ्या डॉक्टरांचाही मला संशय आला.

सूज हळूहळू उतरली. महिन्याभरानं पहिल्याच लॅबमध्ये १.३ आलं.

"मंग, जायचं का मागच्या गल्लीत?" पत्नीनं विचारलं.

मी गेलो नाही. शेवटच्या तपासणीचे तीनशे रुपये त्याच लॅबला दिले. पावती मात्र घेतली.