महादेव कोंडायला मागवलेला टँकर

त्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तरी आम्ही गावचा महादेव पाण्यात कोंडायचं ठरवलं. मी देवस्थानचा सचिव आणि दूध सोसायटीचा संचालकही, म्हणून सोसायटीचाच दुधाचा टँकर पाणी भरून मागवला. ड्रायव्हर माझा शाळासोबती, मुसलमान. तो खाली उतरला तर अंगातला सदरा उलटा, शिवणी बाहेर.

"काय बे, डोळे मिटून कपडे घातले का?" मी सगळ्यांसमोर त्याची खेचली.

"ईदगाहवर पावसाची नमाज होती," तो म्हणाला. "त्यात अंगावरचं कापड उलटं करतात. कापड पालटलं तसे दिवस पालटू दे, असं मागणं असतंय. आता तू सांग, तुमी देवाला पाण्यात काहून बुडवता?"

सचिव मी होतो, पण देवाचं काम पुजाऱ्याचं. मी पुजाऱ्याकडं पाहिलं, तर तो घंटा पुसायला लागला. शेवटी सरपंच म्हणाले, "देव गुदमरला की पाऊस सोडतो."

"म्हंजे आमी अर्ज देतो आन् तुमी घेराव घालता," असं म्हणत त्यानं टँकरचा पाइप गाभाऱ्यात सोडला.

पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी घागरी आणून गाभारा उपसला आणि महादेवाची सुटका केली. काहून बुडवता, हे त्यांनीही विचारलं. जरा शिव्या घालून.