सकाळी सहाचा नंबर

आमच्या गावाकडच्या घरात एक कॉम्प्युटर आहे. त्याला हात लावायचा हक्क फक्त आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. आबा सैन्यात सिग्नलला होते, वायरलेस सेटवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिलिटरी कँटीनमधून हा कॉम्प्युटर आणला, कऱ्हाडच्या एका माणसाकडून जोडून घेतला आणि तो चालू झाला त्याच दिवशी फर्मान काढलं, "चालू सेटला हात लावायचा न्हाई." त्यानंतर पडद्यावर 'अपडेट करा' अशी खिडकी उघडली की आबा ती बंद करत. ती चिकाटीनं उघडायची, आबा तितक्याच चिकाटीनं बंद करायचे. मी एकदा म्हणालो, "आबा, करू द्या की. त्यात काय जातंय?" तर म्हणाले, "बर्फात सेट उघडून बसलेली माणसं बघितल्यात मी. चालतंय तोवर चालू द्यावं." मी सांगलीजवळ माधवनगरच्या शाळेत भूगोल शिकवतो. बर्फ मी नकाशात पाहिलेला.

आजोबा फौजेत, आबा फौजेत. मी चष्म्यामुळं भरतीच्या मैदानावरून परत आलो तेव्हा आबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आबा आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान बहीण. लष्करी पोलिसांत मुलींची भरती निघाली तेव्हा तिनं कुणाला न विचारता फॉर्म भरला, रोज पहाटे उसाच्या बांधावरून पळाली आणि निवडली गेली.

बोलावणं आलं त्या दिवशी आबा जेवायला बसले होते. तिनं कागद पुढं ठेवला. आबांनी तो वाचला, घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवला. "हे पोरींचं काम न्हाई," ते म्हणाले. "तू जाणारच असशील तर जा. पर मी परेडला येणार न्हाई, आत्ताच सांगून ठिवतो."

"नका येऊ," ती म्हणाली.

दोघं एकाच हाडाची. एसटी स्टँडवर तिला सोडायला मी एकटाच गेलो.

त्यानंतरचे काही महिने आबांनी तिचं नाव काढलं नाही, पण मला सांगलीला फोन करून विचारायचे, "तिकडं थंडी लय असल न्हाई?" तिकडं म्हणजे कुठं हे मी मुद्दाम विचारायचो आणि ते फोन ठेवून द्यायचे. मग एका शनिवारी बहिणीचा फोन आला. प्रशिक्षणात त्यांच्या हातात फोन आठवड्यातून थोडा वेळच देतात, त्यामुळं ती घाईत होती. प्रशिक्षण संपत आलं होतं, शपथेची परेड होती. त्या दिवशी आईवडिलांच्या छातीवर एक पदक लावतात, आपलं मूल देशाला दिलं म्हणून. येणाऱ्यांनी एका संकेतस्थळावर नावं आणि ओळखपत्र भरायचं, तिथूनच पास मिळणार. पासाशिवाय गेटच्या आत प्रवेश नाही. "आबांना सांग," ती म्हणाली. "यायचं तर या म्हणावं. नसंल यायचं तर राहू दे." शेवटचं वाक्य तिनं फार पटकन म्हटलं.

मी आबांना सांगितलं. पलीकडं त्यांनी पेन शोधलं, संकेतस्थळाचं नाव माझ्याकडून उतरवून घेतलं. मग म्हणाले, "मी भरतो. तू मधी पडू नको."

मला इतका आनंद झाला की मी खरोखरच मध्ये पडलो नाही. त्यांनी ब्लेझर कऱ्हाडला इस्त्रीला टाकला, पदकं घासून लख्ख केली, हे मला शेजाऱ्यांकडून कळत होतं. बुधवारी मी फोन करून विचारलं, "झालं का आबा?"

"नंबर पडलाय," ते म्हणाले.

ज्यानं सरकारी कचेरीत एकदा तरी अर्ज दिलाय त्याला हे वाक्य समजतं. कागद टेबलावर गेला, शिक्का बसला, नंबर पडला. आता आपण गप बसायचं, कागद आपल्या पायानं पुढं जाणार. मी निश्चिंत झालो. या निष्काळजीपणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गावी गेलो. पोचलो तेव्हा चार वाजले होते. म्हटलं, "बघू आबा, पास दाखवा." आबांनी टेबलाच्या खणातून लांब पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. त्यात रकाने आखलेले. तारीख, वेळ, नंबर, शेरा, सही. सात दिवसांच्या सात नोंदी. प्रत्येक वेळ सकाळी सहा. नंबराच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून केलेली लांबलचक माळ, प्रत्येक दिवशी वेगळी. शेऱ्यात एकच वाक्य, "नंबर पडला. उत्तराची वाट."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"त्यांनी दिलेला नंबर. रोज जातो, रोज देत्यात."

मी त्यांना कॉम्प्युटर लावायला सांगितलं. त्यांनी संकेतस्थळ उघडलं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. त्यांचा अर्थ असा की, आपल्या ब्राउझरवरून आपण खरे भेट देणारे आहात याची खात्री पटत नाही, सुरक्षेसाठी आपला प्रवेश रोखला आहे, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तो नंबर.

आबांना इंग्रजी येत होतं. त्यांनी ते नीट वाचलं होतं. पण ते त्यांनी फौजेच्या पद्धतीनं वाचलं. गेटवरच्या संतरीनं थांबवलं, थांबायचं. पुन्हा या म्हणाला, पुन्हा जायचं. नंबर दिला म्हणजे आपला कागद आत कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो माणूस आज ना उद्या बघणार. एवढं सगळं त्यांनी त्या बारीक अक्षरांवर टाकलं होतं. आत कुणी नाही हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आबा, हा नंबर म्हणजे काही नाही. कचरा आहे हा! तुमी सात दिवस कचरा उतरवून काढताय. मला एक फोन करायचा की!"

आबा म्हणाले, "ह्याचा गार्ड कमांडर कोण हाय?"

"काय?"

"संतरी आडवतो. मग गार्ड कमांडर येतो, तो विचारतो, बघतो, सोडतो. ह्याचा कोण हाय?"

मी आणखी चिडलो. त्यांना उठवलं, स्वतः खुर्चीत बसलो. पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, बंद करून चालू केलं. दर वेळी त्याच चार ओळी. अपडेट करायला गेलो तर ते यंत्र इतकं मागं पडलेलं की नवीन काही घ्यायलाच तयार नाही. मदतीचा म्हणून एक फोन नंबर होता, त्यावर एक गोड आवाज सांगत होता की सर्व माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. मोबाइलवर लावून बघितलं, तर घरच्याच वायफायवर असल्यामुळं तिथंही प्रवेश रोखलेला. आमचं अख्खं घरच संशयात गेलं होतं. आणि या सगळ्यात माझी बडबड चालूच. आबा मागं हाताची घडी घालून उभे होते, साहेबापुढं उभं राहावं तसे.

शेवटी डोकं जरा थंड झालं तेव्हा मी अंगणात आलो, वायफाय बंद केलं आणि मोबाइलच्या नेटवर तेच संकेतस्थळ लावलं. उघडलं. एका क्षणात. रंगीत झेंडे, 'आपले स्वागत आहे', आणि त्याखाली लाल पट्टी. नोंदणीची मुदत आज सायंकाळी पाच वाजता संपली आहे.

सव्वापाच झाले होते. मी चारला घरी आलो होतो. तो सव्वा तास मी माझ्या बापावर ओरडण्यात घालवला होता.

मी म्हणालो, "आबा, तरीपण जाऊ. गेटवर सांगू. तिथं माणूस असतो." आबांनी मान हलवली. मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी ते गेटवर संतरी असताना आपल्याच तालुक्यातला एक म्हातारा पोराला भेटायला आला, पास नव्हता. आबांनी त्याला आत सोडलं आणि त्याची शिक्षा म्हणून सात दिवस कोठडीत काढले. "आता मी जाऊन एखाद्या पोराम्होरं उभा ऱ्हाऊ? त्यानं सोडलं तर त्याचं वाटोळं, न्हाई सोडलं तर त्याला आयुष्यभर खात ऱ्हाईल. न्हाई जायचं."

परेडच्या दिवशी मी गावीच होतो. आबा ब्लेझर घालून ओसरीवर बसले होते. पदकं लावली नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला. आबा एवढंच म्हणाले, "न्हाई जमलं यायला."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन मला द्यायला सांगितलं.

मी तिला सगळं सांगितलं. ब्राउझर, नंबर, लाल पट्टी. ती ऐकून घेत होती. मग हसली, आणि ते हसणं मला अजून ऐकू येतं. "दादा, माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरींचे आईबाप आले होते. बिहारच्या खेड्यातनं आले, डोंगरातनं आले. सगळ्यांना पास मिळाला. त्या संकेतस्थळानं फक्त आबांनाच ओळखलं न्हाई व्हय? ते बोलले होते येणार न्हाई, न्हाई आले. तू कशाला सारवासारव करतोस?" आईवडिलांना लावायचं पदक तिनं स्वतःच हातात घेतलं होतं.

मी आबांना म्हणालो, तुम्ही एकदा तिला सांगा, तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल. ते म्हणाले, "सबब सांगायची न्हाई. मी गेलो न्हाई, ही गोष्ट खरी हाय का न्हाई? आन मी बोललो व्हतो तेच झालं." त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते काढलं नाही. रात्रीचं जेवण निम्मं झालं. मला त्यांची काळजी वाटू लागली होती, आणि तिचा रागही येत होता, आणि दोघांपैकी कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे एक सर आहेत. त्यांना मी विचारलं, असं का झालं असेल. ते म्हणाले, संकेतस्थळांवर माणसाचं सोंग घेऊन यंत्रं येतात, त्यांना अडवायला हा पहारा असतो. सोंग घेणारी यंत्रं बऱ्याचदा जुन्या ब्राउझरचं नाव सांगतात, म्हणून जुना ब्राउझर दिसला की पहारा दचकतो. "आणि तुमचे वडील रोज ठोक्याला सहा वाजता जात होते म्हणता?" त्यांनी विचारलं. "मग तर झालंच. माणसं अशी वेळेवर येत नाहीत हो." ते सहज बोलले. मी वर्गात गेलो आणि त्या तासाला काहीही शिकवू शकलो नाही.

काही महिन्यांनी बहीण पहिल्या सुट्टीवर आली. मीही रजा टाकून गावी गेलो. घरात सगळं नीट चाललं होतं, म्हणजे कुणी कुणाशी भांडत नव्हतं. ती आबांना "चहा घेताय?" विचारायची, आबा "घेतो" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आबा उसाला पाणी पाजायला गेले होते. ती मला परेडचे फोटो दाखवणार होती. फोटो त्याच संकेतस्थळावर टाकलेले, आणि मोबाइलवर ते फार बारीक दिसतात म्हणून तिनं कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. मी भाकरी खात होतो. मी तिला अडवलं नाही.

तिनं संकेतस्थळ लावलं. पांढरा पडदा, चार ओळी, खाली नंबर. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा त्याच ओळी. तिसऱ्यांदा तिनं त्या मोठ्यानं वाचल्या. मग तिनं टेबलाचा खण उघडला. रजिस्टर तिथंच होतं.

ती उभी राहून वाचत होती. सात नोंदी, सहा वाजता, नंबर पडला, उत्तराची वाट. आणि आठवी नोंद, जी मीही तोवर बघितली नव्हती. "पास मिळाला नाही. मुलीची परेड चुकली. चूक माझी." खाली सही आणि सहीखाली 'सुभेदार (निवृत्त)'.

ती रडली नाही. ती खुर्चीत बसली, पेन घेतलं, आठव्या नोंदीखाली रकाने धरून लिहायला लागली. आजची तारीख. वेळ अकरा चाळीस. पडद्यावरचा नंबर एकेक अक्षर बघून उतरवला. शेऱ्यात लिहिलं, "मलाही अडवलं." आणि सही केली.

आबा शेतातून आले, पायावर पाणी घेतलं, आत आले. तिनं रजिस्टर त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सगळं वरपासून वाचलं, स्वतःच्या नोंदीसुद्धा, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या.

मग त्यांनी रजिस्टर तिच्याकडं परत दिलं, पेनही दिलं, आणि तिच्या सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं हुद्दा लिवायचा ऱ्हायला," ते म्हणाले.