चार दारांचा गोल

"आतला गोल कशाला धरून हाय, ते आधी सांगा," सिद्धोधनकाका एकदा म्हणाले होते.

समोर बबितानं केलेलं छापचित्र होतं. पांढऱ्या कागदावर एक जाड काळं कडं, बाकी काही नाही. बबिता मानवतच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शाईसाठी पत्र्याचा ट्रे करून घ्यायला ती काकांच्या दुकानात आली होती. माप म्हणून तिनं ते चित्र पुढं केलं.

प्रश्न तिला कळला नाही. तेव्हा काकांनी खुंटीवरचा एक पत्रा काढून दाखवला. तीस वर्षं ते कापसाच्या जिनिंग कारखान्यांसाठी असे पत्रे कापत आले. रुईच्या गाठीवर पत्रा धरायचा, वरून रंगाचा ब्रश फिरवायचा. कापलेल्या जागेतून मार्का उमटतो. एका जिनिंगचा मार्का म्हणजे नुसतं कडं. पण पत्र्यातून सबंध कडं कापलं तर आतला गोल खाली पडतो. त्याला धरायला चार पट्ट्या सोडाव्या लागतात, आणि गाठीवर कडं चार जागी तुटतं. जिनिंगच्या वजनकाट्यावरचा बालाजी दर हंगामात चिडवायचा, "सिद्धोधनराव, गोलाला चार दारं कशाला? हवा यायला का?" काका हसायचे. मग बारीक ब्रशनं फटी भरायचे. भरलेली जागा ओळखू यायचीच, असं काकांनी तिला सांगितलं.

"हे लिनोवर कोरलंय, काका, रबरासारख्या जाड तुकड्यावर. आतलं-बाहेरचं कोरून टाकायचं, कडं तेवढं उंच राहतं. खाली पडायला उरतंच काय?"

"म्हंजे सबंध येतं?"

"रविवारी या की शाळेत. प्रदर्शन आहे, तुमचंही एक लावू."

रविवारी काका निघताना त्यांची बायको सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "साठीत शाळेला निघालेत. दप्तर देऊ का?"

लिनो मऊ. पत्र्याशी झगडलेला हात आधी फार खोल जात होता. दुपारपर्यंत कडं उठलं. शाई लावली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीनं घासला आणि उचलला. कुठं फट नव्हती.

"आता बोलवा तुमच्या बालाजीला," बबिता म्हणाली.

काकांनी कागद खिळ्याला लावला. मागं सरले. जवळ गेले. पुन्हा मागं.

"लय गुळगुळीत झालं. थांबत न्हाई हे. घरंगळायलंय."

तिनंही पाहिलं. नजर काळ्यावर ठेवली की नुसती फिरत राहायची. टेकायला जागा सापडत नव्हती. तीस वर्षं हवं असलेलं कडं समोर होतं आणि काका त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत होते.

त्यांनी कोरणी उचलली.

"काका, एकदा कापलं की परत जोडता येत नाही."

"पत्रा तरी कुठं जोडता येतो, मॅडम?"

कड्यावर चार काप. हाताला जागा पाठ होत्या. पुन्हा शाई लावून दुसरा कागद उचलला तेव्हा बाहेरचा पांढरा रंग आत आला होता, आतला बाहेर गेला होता. चार काळ्या कमानी एकमेकींकडे ओढ घेत होत्या. फटीपाशी नजर थबकत होती आणि उरलेलं कडं स्वतःच पुरं करत होती. आता ते उभं होतं.

"फटीमुळं थांबतंय का हो हे?" काकांनी विचारलं. बबितानं एकदा खिळ्यावरच्या कागदाकडे, एकदा नव्या कागदाकडे पाहिलं.

"मग कोणतं लावू?" तिनं विचारलं.

काकांनी सबंध कडं खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. दुसरा कागद तिथं लावला. जिनिंगच्या लाखो गाठींवर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात, सावकाश, आपलं नाव लिहिलं. मग चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.